होर्स्ट झेहोफर: भांडणं म्युनिकची, कामं बर्लिनची

होर्स्ट झेहोफर यांचं नाव काढलं की जर्मनीत बहुतेकांना १० जुलै २०१८ ची पत्रकार परिषद आठवते. गृहमंत्री म्हणून ते स्थलांतराचा आराखडा मांडत होते आणि बोलता बोलता हसत म्हणाले, नेमक्या माझ्या ६९ व्या वाढदिवशी ६९ जणांना अफगाणिस्तानात परत पाठवण्यात आलं, मी काही तशी ऑर्डर दिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी बातमी आली. त्या ६९ जणांपैकी एका २३ वर्षांच्या तरुणाने काबूलमध्ये आत्महत्या केली होती.

या वाक्याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. ज्याच्या सहीवर माणसांची आयुष्यं ठरतात त्याने असं बोलायचं नसतं, विषय संपला. पण आपल्याकडची मंडळी, म्हणजे जर्मनीत नोकरीसाठी आलेले मराठी लोक, त्या एका वाक्यावरून या माणसाची सगळी कारकीर्द निकालात काढतात, ते मला पटत नाही. चार दशकांहून जास्त काळाच्या या राजकारणात एक गोष्ट वारंवार दिसते. झेहोफर दिल्या जबाबदारीच्या खात्यात, फायली घेऊन, विरोधकांसमोर बसले की टिकाऊ काम करायचे. तेच झेहोफर म्युनिकच्या खुर्चीत बसून बर्लिनला दम द्यायला लागले की मथळे मिळायचे आणि मागे काही उरायचं नाही. शेवटी त्यांनी म्युनिकची सवय बर्लिनला नेली आणि तिथेच सगळं बिघडलं.

आधी त्यांच्या पक्षाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. सीएसयू हा पक्ष फक्त बव्हेरियात, म्हणजे म्युनिक राजधानी असलेल्या राज्यात, निवडणूक लढवतो. सीडीयू, म्हणजे चॅन्सलर राहिलेल्या कोल आणि मर्केल यांचा पक्ष, बव्हेरिया सोडून सगळीकडे लढतो. केंद्राच्या संसदेत दोघांचा गट मात्र एकच, १९४९ पासून. याचा अर्थ असा, की सीएसयूचा अध्यक्ष एकाच वेळी केंद्रात सत्ताधारी असतो आणि सोमवारी सकाळी म्युनिकमध्ये पत्रकारांना बोलावून त्याच केंद्र सरकारवर तोंडसुख घेऊ शकतो. आपल्याकडे केंद्रातल्या आघाडीत बसून आघाडीलाच डोळे वटारणारे प्रादेशिक पक्ष कमी पाहिलेत का? फरक एवढाच, की सीएसयूला दुसऱ्या आघाडीत जायची सोय नाही. धमकी द्यायची, पण घर सोडायचं नाही, अशी ही सोयरीक.

झेहोफर यांचा जन्म १९४९ चा, इंगोलश्टाटचा. ऑडीचं गाव म्हणून ते आपल्याला माहीत असतं. वडील ट्रक चालवायचे, बांधकामावरही राबायचे. घरात पैसा नव्हता. मुलाने मध्यम शाळा संपवली आणि तो थेट जिल्हा कार्यालयात लागला. विद्यापीठात जाऊन कायद्याची पदवी घ्यायची आणि मग राजकारणात उतरायचं, हा जर्मन पुढाऱ्याचा ठरलेला रस्ता. तो त्यांच्या वाट्याला आला नाही. प्रशासनाचं शिक्षण त्यांनी नोकरी करता करताच पुरं केलं. १९८० मध्ये ते संसदेत गेले आणि २००८ पर्यंत इंगोलश्टाटचे खासदार राहिले. अधिवेशनात टाळ्या मिळवणारा वक्ता म्हणून नव्हे, तर निवृत्तिवेतन आणि आजारपणाचे नियम कलमवार तोंडपाठ असलेला माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. नोर्बर्ट ब्ल्यूम यांच्या कामगार खात्यात ते राज्यमंत्री झाले आणि मे १९९२ मध्ये हेल्मुट कोल यांनी त्यांना आरोग्यमंत्री केलं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते ही त्यांची सर्वोत्तम वर्षं.

मी पहिल्यांदा जर्मनीत नोकरीला लागलो तेव्हा एचआरच्या बाईंनी विचारलं, तुमची क्रांकनकासे कोणती? म्हणजे आरोग्य विमा संस्था. मी म्हटलं, तुम्ही द्याल ती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ती तुम्हीच निवडायची. आज आपण एओके घ्यायची की टेकनिकर, याच्या तुलना करत बसतो. पूर्वी ही निवड बहुतेकांना नव्हती. कारखान्यातल्या कामगाराची कासे ठरलेली, बाबू लोकांची वेगळी. गरीब आणि आजारी माणसं एका कासेत गोळा व्हायची, तिचा हप्ता वाढत जायचा, आणि धडधाकट पगारदार दुसरीकडे कमी हप्ता भरून मोकळे. झेहोफर यांनी याला हात घातला. संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे राज्यांच्या सभागृहात, तेव्हा विरोधी, डाव्या विचारांच्या एसपीडी पक्षाचं वजन होतं. त्यामुळे ऑक्टोबर १९९२ मध्ये ऱ्हाईनकाठच्या लानश्टाईन गावी ते एसपीडीचे रुडॉल्फ ड्रेसलर यांच्यासमोर बसले आणि तडजोड करून उठले. १९९४ पासून श्रीमंत कासेने गरीब कासेचा भार उचलायचा, आणि १९९६ पासून कासे निवडायचं स्वातंत्र्य. डॉक्टरांच्या आणि औषधांच्या खर्चालाही मर्यादा घातली. डॉक्टरांच्या संघटना चवताळल्या. पुढे कितीतरी सरकारं आली, सुधारणांवर सुधारणा झाल्या, पण पाया लानश्टाईनचाच राहिला. एका पुराणमतवादी पक्षाच्या मंत्र्याने डाव्यांना सोबत घेऊन कामगाराचा हप्ता कमी करायची वाट काढली, हे आज ऐकायलाही अवघड वाटतं.

दुसरं प्रकरण जास्त भयानक होतं. ऐंशीच्या दशकात रक्तापासून बनवलेल्या औषधांतून हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली होती. शेकडो कुटुंबं उद्ध्वस्त झाली होती. १९९३ च्या शरद ऋतूत कोब्लेंझच्या एका कंपनीचा नवा घोटाळा बाहेर आला आणि आपल्याच अखत्यारीतल्या केंद्रीय आरोग्य कार्यालयाने संशयित प्रकरणांची माहिती वर पोहोचवली नसल्याचं झेहोफर यांना समजलं. त्यांनी कार्यालयाच्या प्रमुखाला घरी पाठवलं. तेवढ्यावर न थांबता ते अख्खं कार्यालयच १९९४ मध्ये मोडीत काढलं. बाबूगिरीत वाढलेल्या माणसाने बाबूगिरीचा एक किल्ला पाडला म्हणायचा. त्यातून ज्या वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या त्यांतली एक रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट. कोरोनात रोज सकाळी आपण जिचे आकडे बघत होतो, तीच. पीडितांसाठी १९९५ मध्ये मदतीचा कायदाही झाला. उशीर झाला होता, पण झाला.

आता याच काळातली लाजिरवाणी गोष्टही सांगायला हवी. विम्याच्या पैशातून कोणती औषधं द्यायची याची यादी करायचं ठरलं होतं. औषध कंपन्यांना ती नको होती. १९९५ मध्ये यादी गुंडाळली गेली, आणि झेहोफर यांच्याच मंत्रालयातल्या एका सचिवाने यादीचे यंत्रातून काढलेले कागदाचे तुकडे औषध उद्योगाच्या संघटनेच्या प्रमुखाला वाढदिवसाची भेट म्हणून दिले. अकरा वर्षांनी झेहोफर यांनी टीव्हीवर कबूल केलं, की आरोग्यक्षेत्रात शहाणपणाचे बदल करू गेलं तर या लॉबीचा विरोध आडवा येतो आणि तीस वर्षं हे असंच चाललंय. प्रामाणिकपणा म्हणून कौतुक करावं की मंत्री असताना काय केलंत म्हणून विचारावं? मी दोन्ही करतो.

२००२ च्या सुरुवातीला हृदयाच्या स्नायूला सूज आल्याने ते अतिदक्षता विभागात होते. मरता मरता वाचले. त्यानंतर ते म्हणे राजकारणाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. असेलही. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा रात्रभर वाटाघाटी करताना दिसले, या वेळी विरोधी बाकावरून, एसपीडीच्या आरोग्यमंत्री उल्ला श्मिट यांच्यासोबत. सकाळी बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाले, ही माझ्या आयुष्यातली एक सुंदर रात्र होती. सगळा देश हसला. त्या सुंदर रात्रीतून निघालेली दर तिमाहीला दहा युरोंची डॉक्टरची फी मात्र लोकांना अजिबात सुंदर वाटली नाही, आणि २०१३ पासून ती बंद झाली.

मग आला मर्केलबाईंशी पहिला मोठा खटका, आणि तो स्थलांतरावरून नव्हता, हे लक्षात घ्या. सीडीयूने २००३ मध्ये ठरवलं, की आरोग्य विम्याचा हप्ता सगळ्यांना सारखा करायचा. कारखान्याचा मालक आणि त्याच्या दारातला शिपाई, दोघांना एकच रक्कम, गरिबाला सरकार थोडी भरपाई देईल. झेहोफर म्हणाले, हे मी लोकांना सांगणार नाही. सीएसयूनेही शेवटी सीडीयूशी जुळवून घेतलं, तेव्हा नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी संसदीय गटाच्या उपनेतेपदाचा राजीनामा दिला. पुढे कुणी विचारेल की नाही याची खात्री नसताना दिला. ती योजना त्या रूपात कधीच अमलात आली नाही. ट्रक ड्रायव्हरच्या मुलाचा हा राजीनामा मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. आणखी एक, आयुष्यात त्यांनी नंतर दिलेल्या धमक्यांपेक्षा हा वेगळा होता, कारण हा खरोखर दिला होता.

वर्षभराने त्याच मर्केलबाईंनी त्यांना कृषी आणि ग्राहक खात्याचं मंत्री केलं. त्या काळावर वेळ घालवत नाही. शिळ्या मांसाचे घोटाळे आले आणि गेले. २००७ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते हरले, त्याच वर्षी खासगी आयुष्यही वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. संपले, असं सगळे म्हणाले.

तर २००८ मध्ये बव्हेरियात भूकंप झाला. ६०.७ टक्क्यांवरून सीएसयू ४३.४ वर आली. दशकानुदशकं एकहाती सत्ता भोगलेल्या पक्षाला १९६६ नंतर पहिल्यांदा मित्रपक्ष शोधावा लागला, आणि त्याने उदारमतवादी एफडीपीचा हात धरला. मुख्यमंत्री गेले, पक्षाध्यक्ष गेले, आणि बर्लिनहून झेहोफर यांना बोलावून दोन्ही खुर्च्या देण्यात आल्या. राज्याच्या बँकेला वाचवायला १० अब्ज युरो ओतायची वेळ आलेली, अशा घरात ते कर्ते म्हणून आले.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचं एक काम मला फार आवडतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डिसेंबर २०१० मध्ये ते प्रागला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरियाचा एकही मुख्यमंत्री अधिकृत भेटीला तिथे गेला नव्हता. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून हाकलले गेलेले सुदेटन जर्मन लाखोंच्या संख्येने बव्हेरियात आले, सीएसयूची ती हक्काची मतं, आणि त्यांच्या जखमेवर पक्षाचं राजकारण चाललेलं. शेजारी देश, सीमा सामाईक, तरी पासष्ट वर्षं अबोला. झेहोफर यांनी तो मोडला आणि जाताना सुदेटन जर्मनांचे नेते बर्न्ड पोसेल्ट यांना बरोबर घेऊन गेले. जर्मनीच्या पूर्व सीमेवर राहणाऱ्यांना याचं मोल विचारा.

लोकांचा कल त्यांना वाऱ्यावरून कळायचा. विद्यापीठांची फी रद्द करा म्हणून २०१३ च्या जानेवारीत लोकांनी सह्यांची मोहीम यशस्वी केली. झेहोफर यांनी मित्रपक्ष एफडीपीला नमवून फी रद्द करून टाकली. आपल्या मुलांना म्युनिकच्या विद्यापीठांत जे जवळजवळ फुकट शिक्षण मिळायचं, ते पुन्हा सुरू झालं ते इथून. (टीयू म्युनिकने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना पुन्हा फी लावली, तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी लिहीन.) त्याच सप्टेंबरात ४७.७ टक्के मतं आणि विधानसभेत पुन्हा एकहाती बहुमत. कौशल्य होतंच माणसात.

पण आता बर्लिनकडून काय काय मागितलं आणि त्याचं काय झालं, ते बघा. मुलांना पाळणाघरात न पाठवणाऱ्या पालकांना भत्ता द्या, हा सीएसयूचा हट्ट. दिला. २०१५ मध्ये घटना न्यायालयाने ठरवलं, की हे केंद्राच्या अधिकारात बसतच नाही. परदेशी गाड्यांना महामार्गावर टोल लावा, हा २०१३ च्या प्रचारातला हट्ट. मर्केलबाई टीव्हीवर म्हणाल्या होत्या, मी असेपर्यंत टोल येणार नाही. झेहोफर म्हणाले, टोल नसेल तर आघाडीच्या करारावर सही नाही. कायदा झाला. जून २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो उडवला आणि कंत्राटदारांना २४ कोटी ३० लाख युरो भरपाई करदात्याच्या खिशातून गेली. त्यात माझाही कर आहे, म्हणून जरा जास्तच लागतं.

आणि मग २०१५. सप्टेंबरच्या त्या रात्री हंगेरीत अडकलेल्या निर्वासितांना येऊ द्यायचं मर्केलबाईंनी ठरवलं, तेव्हा झेहोफर आपल्या सुट्टीच्या घरी होते आणि फोनवर सापडले नाहीत. त्या शनिवार-रविवारी म्युनिकच्या स्टेशनवर हजारो माणसं उतरली. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राहायची सोय, जेवण, नोंदणी, शाळा हे सगळं राज्यांना आणि गावांना करायचं होतं, आणि बव्हेरिया सीमेवर. या मुख्यमंत्र्याची तक्रार पोकळ नव्हती. ती तक्रार त्यांनी मांडली कशी, यावर माझा आक्षेप आहे. नोव्हेंबरात म्युनिकच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी देशाच्या चॅन्सलरला व्यासपीठावर आपल्या शेजारी उभं ठेवून तेरा मिनिटं सुनावलं. बाई शाळेतल्या पोरीसारख्या हात बांधून उभ्या. टाळ्या पडल्या. फेब्रुवारीत ते एका मुलाखतीत म्हणाले, हे अन्यायाचं राज्य आहे. घटना न्यायालयात जाऊ, अशी धमकी दिली. गेले नाहीत. दरवर्षी दोन लाखांची कमाल मर्यादा हवी, म्हणून दोन वर्षं अडून बसले. शेवटी आघाडीच्या करारात १ लाख ८० हजार ते २ लाख २० हजार असा एक अंदाजाचा आकडा आला, ज्याला मर्यादा म्हणायचं की नाही यावर दोन्ही पक्ष आपापलं बोलत राहिले.

आता मला सांगा, ज्या मतदाराला तुम्ही दोन वर्षं रोज सांगताय, की सरकारने कायदा मोडलाय, तो तुम्हाला का मत देईल? तुम्ही तर त्याच सरकारात आहात! २०१७ च्या निवडणुकीत सीएसयू ३८.८ वर घसरली आणि बव्हेरियात कट्टर उजव्या एएफडी पक्षाला १२.४ टक्के मिळाले. पक्षातले त्यांचे प्रतिस्पर्धी मार्कुस झ्योडर यांनी वाट पाहिलीच होती. मार्च २०१८ मध्ये मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे गेलं आणि झेहोफर गृहमंत्री म्हणून बर्लिनला.

पण बर्लिनला आले ते म्युनिकचेच झेहोफर. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, इस्लाम जर्मनीचा भाग नाही. जूनमध्ये ६३ मुद्द्यांचा आराखडा, आणि सीमेवरून लोकांना परत पाठवायच्या मुद्द्यावरून ज्या मर्केलबाईंच्या मंत्रिमंडळात ते बसले होते त्यांच्याशीच जाहीर युद्ध. १ जुलैच्या रात्री राजीनामा देतो म्हणाले, दुसऱ्या रात्री देत नाही म्हणाले. म्हणाले, जी चॅन्सलर माझ्यामुळे चॅन्सलर आहे तिच्याकडून मी हाकलला जाणार नाही. सत्तर वर्षांचा दोन पक्षांचा संसार त्या आठवड्यात मोडता मोडता राहिला. मग तो वाढदिवसाचा विनोद. मग गुप्तचर प्रमुख मासेन यांना काढायच्या ऐवजी बढती द्यायचा प्रयत्न. ऑक्टोबरात बव्हेरियाच्या निवडणुकीत ३७.२ टक्के, आणि जानेवारी २०१९ मध्ये पक्षाध्यक्षपदही गेलं.

आणि गंमत बघा, अध्यक्षपद गेल्यावर झेहोफर पुन्हा मंत्र्यासारखे वागू लागले. म्युनिकमध्ये गरजायचं कारण उरलं नाही तेव्हा जुना फायलींचा माणूस परत दिसायला लागला. जून २०१९ मध्ये काझेल विभागाचे प्रशासकीय प्रमुख, सीडीयूचे वाल्टर ल्युब्के यांचा एका नवनाझीने खून केला. मग हाले आणि मग हानाउ या शहरांत उजव्या अतिरेक्यांचे जीवघेणे हल्ले. देशाला सर्वांत मोठा धोका उजव्या अतिरेक्यांचा आहे, हे याच गृहमंत्र्याने स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि काँबॅट १८ सारख्या नवनाझी टोळीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१९ मध्ये माल्टात बसून समुद्रातून वाचवलेल्या लोकांपैकी एक चतुर्थांश जर्मनी घेईल असं ठरवलं, आणि स्वतःच्याच पक्षातून ओरड झाली तेव्हा विचारलं, बुडणाऱ्या माणसाला वाचवल्याचा खुलासा द्यावा लागतो का? लगेच त्यांना संत करू नका. पोलिसांतल्या वर्णद्वेषावर अभ्यास करायला ते तयार नव्हते, आणि अफगाणिस्तानात लोकांना परत पाठवणं थांबवलं ते काबूल पडण्याच्या चार दिवस आधी.

आपल्या लोकांना ज्याचा थेट संबंध आहे ते तर राहिलंच. २०१९ मध्ये संसदेने मंजूर केलेला आणि १ मार्च २०२० पासून लागू झालेला कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा झेहोफर यांच्या खात्याने आणला. पदवीवाल्यांसाठी ब्लू कार्ड आधीपासून होतं. या कायद्याने डिप्लोमा आणि व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना दार उघडलं, त्या जागेसाठी जर्मन माणूस मिळतोय का हे आधी तपासायची अट बहुतेक ठिकाणी काढली, आणि अनुभवी आयटीवाल्याला पदवी नसतानाही यायची सोय केली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला. त्यातून येणाऱ्या नर्सला किंवा इलेक्ट्रिशियनला जे दार सापडतं ते या कायद्याने उघडलेलं आहे, पुढे २०२३ मध्ये ते आणखी रुंद केलं इतकंच.

माझे एक बव्हेरियन सहकारी म्हणतात, झेहोफर यांनी २०१८ मध्येच घरी जाऊन तळघरातली ती प्रसिद्ध खेळण्यातली आगगाडी चालवत बसायला हवं होतं, ज्यात त्यांनी मर्केलबाईंची छोटी बाहुलीही उभी केली होती म्हणे. मला तसं वाटत नाही. हाच कायदा एसपीडीच्या किंवा सीडीयूच्या गृहमंत्र्याने आणला असता तर म्युनिकमधून त्याच्यावर पहिला दगड झेहोफर यांनीच मारला असता, आणि दुसरा झ्योडर यांनी. तो सीएसयूच्याच माणसाने आणला, तोही स्थलांतर ही सगळ्या प्रश्नांची आई आहे असं वर्षापूर्वी म्हणालेल्या माणसाने. त्यामुळे बव्हेरियातून ओरडायला कुणी शिल्लकच राहिलं नाही.